आगरकर आणि माझी एक खोटी गोष्ट

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेत मला पहिले पारितोषिक मिळाले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. विषय होता, देवधर्माच्या वेडामुळे ग्रामीण समाज मागे राहिला आहे काय. मी अनुकूल बाजूने बोलले. भाषणाच्या शेवटी मी एका वारकऱ्याची गोष्ट सांगितली. मुलीच्या शाळेच्या फीसाठी साठवलेले पैसे घेऊन हा माणूस पंढरपूरला गेला, मुलीची शाळा सुटली आणि पुढे ती दुसऱ्याच्या शेतात खुरपू लागली, अशी ती गोष्ट. सभागृह एकदम शांत झाले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या अजून माझ्या कानांत आहेत. पण त्या आठवल्या, की आता मला आनंद होत नाही.

कारण ती गोष्ट खोटी होती. असा माणूस मी पाहिला नव्हता, त्याच्याविषयी कुठे वाचलेही नव्हते. आदल्या रात्री भाषण पाठ करताना शेवट जरा फिका वाटला, म्हणून मी तो माणूस तयार केला.

त्या दिवशी माझे वडील, म्हणजे आबा, शेवटच्या रांगेत बसले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा बाजारात हमाली करतात. सही करण्यापुरते लिहितात आणि हरिपाठ पाठ म्हणतात. त्यांच्या गळ्यात माळ आहे आणि आषाढीची वारी ते सहसा चुकवत नाहीत. मुलगी कॉलेजात बोलणार म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून ते आले होते. परतताना एसटी स्टँडवर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, की तो माणूस कुठल्या गावचा? मला उत्तर देता आले नाही. गाडी आली आणि आम्ही चढलो. शेजारी बसलेल्या आमच्याच गावच्या एका गृहस्थाने आबांना सभागृहात हळूच विचारले होते, की पोरगी तुमच्याबद्दल तर बोलत नाही ना? हे मला कितीतरी दिवसांनी आईकडून कळले.

त्याच भाषणात मी गोपाळ गणेश आगरकरांचे नाव दोन वेळा घेतले होते. आगरकर देव मानत नव्हते, एवढेच मला ठाऊक होते. नंतर मराठीच्या सरांनी मला ग्रंथालयात बोलावले. अभिनंदन केले आणि विचारले, की आगरकरांचे काय काय वाचले आहे? मी खाली पाहिले. सरांनी काही न बोलता कपाटातून आगरकरांचे निबंध आणि एक चरित्र काढून माझ्या हातात दिले. दिवाळीच्या सुट्टीत मी ती पुस्तके वाचली. पुढे लिहिले आहे ते त्या वाचनातून आलेले आहे. मी अभ्यासक नाही. परंतु ज्याच्या नावाचा आपण आधार घेतला, तो माणूस स्वतः वाद कसा करीत होता, हे जाणून घेणे मला भाग होते.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. आज टेंभू म्हटले, की आमच्या भागातील माणसाला कृष्णेवरची उपसा सिंचन योजना आठवते. दुष्काळी तालुक्यांना पाणी चढवणारे गाव म्हणून ते नाव पाट्यांवर दिसते. याच गावात तो विचारवंत जन्मला, हे मला बारावी होईपर्यंत माहीत नव्हते. घरची अत्यंत गरिबी होती. कराडात आजोळच्या आधाराने थोडे शिक्षण झाले आणि पुढची वाट बंद झाली. लहान वयातच त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकायला मिळेल या आशेने ते रत्नागिरीला पायी गेले आणि तेथे सोय न झाल्याने परत आले. अखेर अकोल्यास नातेवाइकांकडे राहून त्यांनी १८७५ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली. तेथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगात घालायला एकच सदरा असे, तो रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा घालायचा, ही त्यांची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि वर्तमानपत्रांतील लिखाण यांवर त्यांनी दिवस काढले. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले आणि त्यानंतर इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाले.

त्या काळी एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरीची दारे सताड उघडी होती. घरी आई वाट पाहत होती, की आता मुलगा मोठ्या पगारावर लागेल आणि आपले पांग फेडील. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले, की मी पैशाच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. हे पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचताना मला त्या आईचे काय झाले असेल, असे वाटत राहिले. ज्यांच्या घरात पहिलेच कोणी शिकते, त्यांना त्या पत्राचा अर्थ जरा जास्त कळतो.

डेक्कन कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जमली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. एम. ए. होताच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू झाली. केसरीचे पहिले संपादक आगरकर होते. केसरी म्हटले की टिळक, असे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे, की ही गोष्ट वाचून मी दोनदा खात्री करून घेतली.

पहिल्या वर्षातच कोल्हापूरचे प्रकरण उभे राहिले. तेथील तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे आणि त्याला दिवाण माधवराव बर्वे जबाबदार आहेत, असे या दोन्ही पत्रांनी लिहिले. आधाराला काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि तपासात ती पत्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. पत्रे आगरकरांनी किंवा टिळकांनी बनवली नव्हती. त्यांनी ती विश्वासाने खरी मानली होती. तरीही पुरावा खोटा आहे असे कळताच दोघांनी माफी मागितली. बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात काढले.

हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसले. कारण महाराजांविषयीची त्यांची काळजी निराधार नव्हती. डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे नजरकैदेत असतानाच त्या तरुण महाराजांचा करुण अंत झाला. म्हणजे मूळ तक्रारीत तथ्य होते. तक्रार खरी आहे, मग एखादे पत्र खोटे निघाले तर काय बिघडले, असे त्यांना म्हणता आले असते. मी माझ्या मनाशी हेच म्हणत आले होते. अंधश्रद्धेपायी मुलींची शिक्षणे थांबतात हे खरेच आहे ना, मग माझा एक वारकरी खोटा असला तर कुठे बिघडले? परंतु खरी बाजू खोट्या पुराव्यावर उभी केली, की बाजू खरी असूनही माणूस खोटा ठरतो आणि ज्याच्यावर आरोप केला त्याच्यावर अन्याय होतो. माझ्या बाबतीत तो अन्याय आबांवर झाला होता.

याच खटल्यातील आणखी एक गोष्ट आपल्या वाचनात फारशी येत नाही. केसरीच्या संस्थापकांपैकी चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्यावर अत्यंत बोचरी टीका केली होती. फुल्यांचे विचार आणि या मंडळींचे विचार यांत मोठे अंतर होते. असे असताना टिळक-आगरकरांना जामीन हवा होता तेव्हा फुल्यांच्या प्रयत्नाने त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेट उरवणे यांनी १०,००० रुपयांचा जामीन दिला. ज्यांनी आपली टिंगल केली त्यांच्याच गोटातील माणसे संकटात आल्यावर फुल्यांनी मतभेद बाजूला ठेवले. मत पटत नसले तरी माणसाला न्याय मिळाला पाहिजे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

डोंगरीच्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे एक छोटे पुस्तक लिहिले. एकाच कोठडीत दोन मित्र, वाचायला पुरेशी पुस्तके नाहीत, अन्न जेमतेम. मग रात्र रात्र वाद चालत. देशाचे काय होणार, समाज कसा सुधारणार, धर्माचे काय करायचे. आवाज इतका चढे, की पहारेकरी येऊन दटावत असत. मला हे दृश्य फार आवडते. पुढे ज्यांच्या वादाने सारा महाराष्ट्र दुभंगला, ते दोघे येथे एकाच कांबळ्यावर बसून भांडत आहेत आणि सकाळी पुन्हा एकमेकांशी बोलत आहेत.

सुटून आल्यावर कामे वाढली. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. पण याच काळात मतभेदही वाढू लागले. आगरकरांच्या वाचनात मिल आणि स्पेन्सर हे तत्त्वज्ञ होते. जी गोष्ट बुद्धीला पटत नाही ती केवळ जुनी आहे म्हणून मानायची नाही, हा त्यांचा निश्चय झाला होता. देवाविषयी ते अज्ञेयवादी होते. म्हणजे या विश्वाच्या मुळाशी काय आहे हे माणसाच्या बुद्धीला कळू शकत नाही आणि जे कळत नाही ते कळल्याचा आव आणू नये, असे त्यांचे मत होते. ‘देवतोत्पत्ति’ या लिखाणात त्यांनी आदिमानवाचे भय, अज्ञान आणि मृतांविषयीच्या कल्पना यांतून देवदेवता कशा निर्माण झाल्या असाव्यात याची चर्चा केली. नीतीने वागण्यासाठी परलोकाच्या भीतीची गरज नाही, माणसाचे सुख आणि दुःख पाहून नीती ठरवता येते, असे ते मांडत.

अशा मतांना केसरीत जागा मिळणे कठीण झाले. पत्र सर्वांचे होते आणि इतरांना ही मते मान्य नव्हती. संपादक असून स्वतःचे म्हणणे मोकळेपणाने मांडता येत नाही, अशी त्यांची स्थिती झाली. येथे दोन सोप्या वाटा होत्या. एक म्हणजे गप्प बसणे आणि दुसरी म्हणजे मते थोडी गुळगुळीत करून मांडणे. आगरकरांनी १८८७ मध्ये केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सुधारक’ काढला. मराठी बाजू ते लिहीत आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले पाहत.

सुधारकातील त्यांची भूमिका समजून घेताना मला एका गोष्टीचे विशेष वाटले. त्या काळचे कितीतरी थोर सुधारक शास्त्रांतून आधार काढून सुधारणा मांडत. विधवाविवाहाला अमुक स्मृतीत संमती आहे, तेव्हा तो करावा, अशी ती पद्धत. लोकांना पटवायला ती सोयीची होती. रानडे किंवा भांडारकर यांची धर्मावर श्रद्धा होती, त्यामुळे त्यांनी तसे करण्यात काही अप्रामाणिकपणा नव्हता. पण आगरकरांची शास्त्रांवर तशी श्रद्धा नव्हती. जे आपण स्वतः प्रमाण मानत नाही ते दुसऱ्याला गप्प करण्यापुरते प्रमाण म्हणून वापरायचे, हे त्यांनी केले नाही. ही चाल अन्यायाची आहे, एवढेच त्यांनी सरळ सांगितले. यात त्यांचा तोटा होता. अर्धेअधिक वाचक तेथेच दुरावत. परंतु आगरकर कोठे उभे आहेत, याविषयी कोणाची कधी फसगत झाली नाही.

स्त्रियांच्या शिक्षणाविषयी त्यांचे मत होते, की मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र बसवून द्यावे. बालविवाह, केशवपन आणि विधवांचे हाल यांवर त्यांची लेखणी सतत चालली. या महाविद्यालयात आज वर्गात मुलींचे बाक मुलांच्या बाकांना लागून आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी यासाठी कोणाला तरी शिव्या खाव्या लागल्या होत्या.

सर्वांत मोठा वाद झाला तो संमतिवयाच्या कायद्यावरून. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाच्या अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलीचा नवऱ्याच्या बळजबरीने मृत्यू झाल्याचे प्रकरण गाजले. त्यानंतर सरकारने संमतीचे वय दहावरून बारा करण्याचे विधेयक आणले. मार्च १८९१ मध्ये ते मंजूर झाले. आगरकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि टिळकांनी कडाडून विरोध केला.

माझ्या भाषणात मी टिळकांना एका वाक्यात बालविवाहाचे समर्थक करून टाकले होते. वाचल्यावर कळले, की हेही खरे नव्हते. टिळकांचा मुख्य आक्षेप असा होता, की आपल्या घरातील व धर्मातील बाबींत परक्या सरकारला कायदा करू देऊ नये; सुधारणा लोकांनी स्वतः आणि शिक्षणाने करावी. १८९० मध्ये त्यांनी सुधारकांनाच आव्हान दिले होते, की मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी आणि मुलांची वीस वर्षांपूर्वी न करण्याचा नियम आपण स्वतःवर बांधून घेऊ. आगरकरांचे म्हणणे असे, की रूढी आपण होऊन सुटेपर्यंत जितक्या मुली बळी जातील त्यांचे उत्तर कोणी द्यायचे? सतीची चाल १८२९ मध्ये कायद्यानेच बंद झाली, ती केवळ उपदेशाने थांबली नव्हती. दोन्ही बाजू अशा शेजारी ठेवून वाचल्या, तेव्हाही मी आगरकरांच्याच बाजूची राहिले. उलट, विरुद्ध बाजूचे खरे म्हणणे कळल्यावर माझी खात्री वाढली. व्यासपीठावर मी ज्या टिळकांना हरवले ते मीच बनवलेले टिळक होते. त्यांना हरवण्यात पराक्रम तो काय?

आता एक कडू गोष्टही लिहिली पाहिजे. नाही तर हे चरित्र आरती होईल. केसरी आणि सुधारक यांच्यातील वाद नेहमी न्यायाने चालला असे नाही. मुद्द्यांवरून तो व्यक्तींवर उतरला. दोन्हीकडून बोचरे, वैयक्तिक लिहिले गेले. सोसायटीतील पगाराचे आणि नियमांचे तंटे त्यात मिसळले आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आगरकरांची लेखणी तिखट होती. सोवळेओवळे, शेंडी, श्राद्ध यांवर ते उपहास करीत तेव्हा हसू येते. पण ज्यांच्या घरात ते सारे श्रद्धेने चालत होते त्यांना हसू आले नसेल. माझ्या मते उपहासाने आपल्या बाजूची माणसे खूश होतात आणि समोरचा माणूस कान बंद करतो. हे मत चुकीचे असेल तर प्राध्यापकांनी दाखवून द्यावे.

मात्र एक फरक मला दिसतो. आगरकरांचा उपहास रूढीवर असे आणि ती पाळणाऱ्या दुबळ्या माणसाविषयी त्यांना कळवळा असे. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या होत्या. त्यांची व्रते, त्यांची पूजाअर्चा घरात चालू असे आणि आगरकरांनी त्यांच्यावर आपली मते लादली नाहीत. बाहेर ज्या गोष्टींवर ते अग्रलेख लिहीत, त्याच गोष्टी घरात पत्नी श्रद्धेने करीत होती. विरोधकांनी यावरून त्यांना ढोंगी म्हणावे, हे सोपे आहे. मला तसे वाटत नाही. ज्याला दुसऱ्याच्या बुद्धीवर बळजबरी नको आहे, त्याने ती स्वतःच्या घरात तरी कशी करावी?

विरोधकांनी त्यांना मात्र अशी दया दाखवली नाही. पुण्यातील सनातनी लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपल्या दारावरून आपलीच तिरडी जाताना पाहिलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी कॉलेजात तास घ्यायला गेला असेल, असे मी मनात चित्र उभे करते. दम्याचा विकार त्यांना फार दिवसांपासून होता. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारल्यावर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. कॉलेज, सुधारक आणि दमा, असे तिन्ही सांभाळत त्यांनी आणखी तीन वर्षे काढली. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले. वयाला एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

दुसऱ्याच दिवशी केसरीत टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांचे डोळे भरून येत होते, अशी आठवण सांगितली जाते. मते शेवटपर्यंत जुळली नव्हती आणि मृत्युलेखात ती जुळल्याचे नाटकही टिळकांनी केले नाही. पण आगरकरांची बुद्धी, त्यांचा त्याग आणि केसरीच्या उभारणीतील त्यांचा वाटा त्यांनी मोकळेपणाने मान्य केला. जे जिवंतपणी द्यायचे राहून गेले, ते मित्राने त्याच्या पाठीमागे दिले. इतक्या उशिरा का, असे मात्र वाटत राहते.

आता मी माझ्याकडे वळते. मी त्या भाषणात काय सांगितले हे वर लिहिले. काय सांगितले नाही, हे लिहायचे राहिले आहे. मी दहावी झाले तेव्हा मला एक स्थळ आले होते. मुलाचे शेत होते, हुंडा नको होता, नातेवाईक आबांच्या मागे लागले होते. आबांनी ठाम नकार दिला आणि मला अकरावीला घातले. ही बुद्धी त्यांना आगरकर वाचून झाली नव्हती. वारीत त्यांच्या दिंडीत एक म्हातारे गृहस्थ असत. त्यांची मुलगी शिकून नर्स झाली होती. मुक्कामाच्या जागी ते अभिमानाने तिच्याविषयी सांगत. ते ऐकून आबांनी ठरवले होते, की आपलीही मुलगी शिकवायची. म्हणजे वारीने मुलीची शाळा सोडवली, असे मी सभागृहात सांगितले आणि माझी शाळा त्याच वारीने चालू ठेवली होती. ही गोष्ट मला माहीत होती. ती माझ्या बाजूला सोयीची नव्हती, म्हणून मी गाळली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना सांगितले, की तो माणूस कुठल्याच गावचा नाही, मी तो बनवला होता. ते पोत्याला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ते ठाऊक होते म्हणे, पण त्या दिवशी तिथे बसलेल्या माणसांना ठाऊक नाही. मग त्यांनी विचारले, की देव नाही असे तुला खरेच वाटते का? मी म्हणाले, मला माहीत नाही आणि माहीत नसताना हो म्हणता येत नाही. ते म्हणाले, मग तसेच सांगायचे होते.

सुट्टी संपल्यावर मी सरांकडे गेले आणि पारितोषिक परत करते म्हणाले. सर म्हणाले, की ढाल कपाटात ठेवून काय होणार? ज्यांनी गोष्ट ऐकली त्यांना सांग. त्या दिवशी सभागृहात असलेले बहुतेक सर्वजण हे वार्षिक वाचतात. म्हणून हा लेख येथे दिला आहे.

या वर्षीच्या स्पर्धेत मी पुन्हा भाग घेतला आहे आणि बाजू तीच निवडली आहे. माझी शंका गेलेली नाही. नवसापायी कर्ज काढणारी, बुवाच्या अंगाऱ्यावर विसंबून आजारी मूल घरी ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी बोलणार आहे. या वेळी त्यांची गावे मला माहीत आहेत. आबांना यायला सांगितले आहे. मजुरी बुडेल, असे ते म्हणत आहेत.